हॅलिबट आणि अबोला

रघूने गाडीचं पुढचं दार उघडलं, मागच्या सीटवर बसलेल्या अच्युतला पाहिलं, आणि दार पुन्हा लावून घेतलं.

मी खाली उतरलो. अँकरेजच्या विमानतळाबाहेर गार वारा सुटला होता आणि रघू बॅग हातात धरून फुटपाथवर खांबासारखा उभा होता.

"हा इथे काय करतोय?"

"मासे धरायला आलाय. तुझ्यासारखाच."

"तू मला सांगितलं नाहीस, पुंडलिक."

रागावला की तो मला पूर्ण नावाने हाक मारायचा. एरवी मी पुंडा.

"सांगितलं असतं तर आला असतास?"

त्याने टॅक्सीच्या रांगेकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग डिकी उघडून बॅग आत आदळली.

"मी त्याच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. हॅलिबटशी बोल."

तो हसला नाही. पण पुढच्या सीटवर बसला, आणि मी लगेच गाडी चालू केली. उगाच विचार बदलायला वेळ कशाला द्या.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आम्ही तिघे एकाच गावचे, वेंगुर्ल्याच्या खाली खाडीच्या तोंडाशी वसलेल्या. शाळेत एका बाकावर, खाडीवर एका खडकावर. सुतळीला गळ आणि गळाला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून आम्ही दिवसच्या दिवस त्या खडकावर काढलेले. जे काय हाताला लागेल ते घेऊन रघूच्या घरी जायचं, आणि त्याच्या आईने ते तव्यावर टाकायचं, हा शिरस्ता. अच्युतची आई तो रांगत असतानाच गेलेली. वडील मुंबईला गोदीत. तो आपल्या काकांकडे निजायचा एवढंच. बाकी त्याचं जेवणखाण, दुखणीखुपणी, शाळेचे कपडे, सगळं रघूच्या आईने पाहिलं. तो तिला आयेच म्हणायचा. आम्ही सगळेच म्हणायचो, पण त्याचं म्हणणं वेगळं होतं.

पुढे एकामागोमाग एक तिघेही अमेरिकेला आलो. रघू सिअॅटलला विमानाच्या कारखान्यात, अच्युत शिकागोला औषधांच्या कंपनीत, आणि मी सगळ्यांच्या पलीकडे अलास्कात, रस्तेबांधणीत. वर्षातून एकदा तरी कोणाकडे तरी जमायचो. आणि जमलो की तिघांच्या तोंडी मालवणी. बायका म्हणायच्या, हे तिघे एकत्र आले की यांचं काही कळत नाही.

मग आये गेली, आणि ते सगळं थांबलं.

झालं असं की अच्युत त्या वेळी काकांच्या घराच्या वाटणीसाठी गावी गेला होता. आये तापाने आजारी पडली. सुरुवातीला साधाच ताप वाटला, मग तो छातीत उतरला. अच्युत तिच्याजवळ होता आणि त्याने रघूला कळवलं नाही. रघूला फोन गेला तो ती गेल्यावरच. तो पोचला तोवर चुलतभावाने सगळे विधी उरकलेले. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने अच्युतला एकच विचारलं, "ती आजारी आहे हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"आठवडा झाला," अच्युत म्हणाला.

तेवढंच. त्यानंतर सहा वर्षं रघू त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आणि अच्युतनेही समजूत घालायला एकदाही फोन केला नव्हता, याचं मला त्याहून नवल वाटायचं. मी दोघांशी बोलायचो, पण गंमत अशी की दोघेही माझ्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायला लागले होते. मालवणी जणू तिघांच्या मालकीची वस्तू होती आणि एकट्याने वापरायला दोघांचंही मन होत नव्हतं.

त्या वर्षी माझी बदली ह्यूस्टनला व्हायची होती. अलास्कातला शेवटचा उन्हाळा. कित्येक वर्षं मी दोघांना म्हणत होतो, एकदा या, हॅलिबट धरायला जाऊ. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. दोघांनाही बोलावलं. एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही, बस्स.

अँकरेजहून होमर गाव गाडीने निम्म्या दिवसाच्या वाटेवर. एका बाजूला डोंगरावर बर्फ, दुसऱ्या बाजूला समुद्र. असं दृश्य पाहून कोणीही तोंड उघडेल.

"पुंडलिक," मागून अच्युत म्हणाला, "पुढच्यांना विचार, खिडकी थोडी वर करता येईल का. वारा लागतो."

"रघू, खिडकी," मी म्हणालो.

रघूने खिडकी वर केली. थोड्या वेळाने म्हणाला, "मागच्यांना सांग, पाय सीटला लावू नका."

"अच्युत, पाय."

असं करत आम्ही होमरला पोचलो. भाड्याच्या खोलीत तीन खाटा होत्या. मी मधली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर आमची कॅप्टन भेटली. जूडी तिचं नाव. साठीची, आखूड केसांची, मोठ्या आवाजाची बाई. तिची बोट लहानच होती, आम्हा तिघांपुरती. अंगावर रबरी विजारी चढवून आम्ही निघालो, आणि तासाभराने किनारा धूसर झाला तशी तिने इंजिन बंद करून नांगर टाकला.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "हॅलिबट तळाला चिकटून असतो. वजन खाली जाऊ द्या, तळाला टेकलं की हातभर वर घ्या, आणि वाट बघा. लागला की वर आणताना घाई नको. मोठा असेल तर वर येऊन उजेड बघतो आणि पुन्हा तळाकडे सुटतो. त्या वेळी दोरी सोडायची. अडवली की तुटलीच."

तिने आदल्या दिवशी कोणी धरलेल्या एका हॅलिबटचा फोटो दाखवला. चपटा, परातीसारखा पसरलेला, वरून मातीच्या रंगाचा, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला.

"हा तर आपल्या खाडीतला लेपा," अच्युत मला म्हणाला. "लेप्याचा आजोबा."

रघूच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिलं. त्याने लगेच तोंड समुद्राकडे फिरवलं.

मी मधे, रघू डाव्या अंगाला, अच्युत उजव्या. गळाला मुठीएवढं मासळीचं आमिष लावून आम्ही दोऱ्या सोडल्या. त्या कितीतरी वेळ खाली जातच राहिल्या. मग तळ लागल्याचा बारीकसा ठोका हाताला जाणवला, आणि तिघांनीही एकदम हातभर दोरी वर घेतली. ज्यांनी बाळपणी एकत्र गळ टाकलाय त्यांना हे कोणी सांगावं लागत नाही.

सकाळभर काही लागलं नाही. जूडीने कॉफी दिली. मी बडबड करून पाहिली. कधी याच्याशी, कधी त्याच्याशी. दोघेही उत्तरं देत होते, पण मलाच. शेवटी मीही थकलो. पाण्यावर एक काळा पक्षी बुडत होता आणि भलतीकडेच वर येत होता, ते आम्ही तिघे तीन वेगवेगळे प्रवासी असल्यासारखे बघत राहिलो. मला वाटलं, फुकट आणलं मी या दोघांना. सोमवारी दोघे आपापल्या गावी जातील, मी ह्यूस्टनला, आणि संपलं.

तेवढ्यात रघूचा रॉड वाकला.

वाकला म्हणजे टोक पाण्यातच गेलं. रघूने दोन्ही पाय कठड्याला लावले. रीळ कुरकुरलं. जूडी एका उडीत आली.

"सावकाश! उचल आणि गुंडाळ, उचल आणि गुंडाळ!"

मी आणि अच्युतने आपापल्या दोऱ्या भराभर वर घेतल्या, गुंता नको म्हणून. रघू रॉड उचलत होता, खाली आणता आणता रीळ फिरवत होता. पन्नाशीचा माणूस, वर्षानुवर्षं टेबलावर काम केलेला. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा टरारल्या. पण तोंडावर जे हसू होतं ते मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. बराच वेळ तो झगडत होता. मग हिरव्या पाण्यात काहीतरी पसरट, फिकट चमकलं. जूडीच्या तोंडून शीळ निघाली. तो मासा माणसाएवढा होता. तिने लांब दांड्याचा आकडा हातात घेतला.

आणि माशाने उजेड पाहिला.

तो उलटला. पांढरं पोट एकदा दिसलं आणि तो सरळ तळाकडे सुटला. रघूने अंगठा रिळावर घट्ट दाबून धरला होता.

"ढील दी!" अच्युत ओरडला. "रघू, ढील दी मेल्या! तुटतली!"

रघूने ढील द्यायच्या ऐवजी मान वळवून अच्युतकडे पाहिलं.

फट्‌ असा आवाज झाला. रॉड ताडकन सरळ झाला आणि रघू मागच्या मागे माझ्या अंगावर आला.

जूडी काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. पाण्यावर फक्त बुडबुडे येत होते.

"सांगलंय ना ढील दी म्हणान!" अच्युत म्हणाला. "कान फुटले काय तुझे?"

"तू कित्या ओरडलंस?" रघू उठून उभा राहिला. "माझो मासो होतो तो. तुका कोण इचारता?"

"मासो? मासो गेलो तो तुझ्या आडमुठेपणान! ल्हानपणापासून असोच तू. एकदा धरलंस की सोडूचा नाय!"

"होय, नाय सोडणंय! तुका काय त्याचा?"

"मी नाय ओरडलंय तर रॉडासकट दर्यात जातलंस!"

"जावंदे! मरांदे! माझी आवस मरत होती तेव्हा तू माका सांगलंस?"

सहा वर्षं जे कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं ते असं एकदम बाहेर पडलं. जूडीने माझी बाही ओढली.

"मासा गेला म्हणून एवढं?" तिने हळूच विचारलं. "सांग त्यांना, अजून दिवस पडलाय."

"माशाचं नाही," मी म्हणालो. "घरचं आहे."

तिने दोघांकडे पाहिलं, आणि आकडा जागेवर ठेवून केबिनमध्ये गेली.

अच्युत खाली बसला होता, आमिषाच्या बादलीवर. त्याचा आवाज उतरला.

"आयेन शपथ घातलेल्यान माका. तुझी शपथ. तेका कळवू नको म्हणाली, तो कामधंदो टाकून धावत येतलो. मी बरी होतंय म्हणाली."

"ठाऊक आसा माका," रघू म्हणाला. "चुलतीन तेव्हाच सांगल्यान."

अच्युतने वर पाहिलं. मीही. शपथेचं अच्युतने मला, रघूला सांगू नको असं बजावून, कधीच सांगितलं होतं. सहा वर्षं आम्ही दोघे समजत होतो की रघूला ते माहीत नाही, आणि मला वाटायचं, अच्युत मानी, म्हणून सांगत नाही.

"ठाऊक आसा? मग?"

"मग काय मग!" रघूने रॉड कठड्याला टेकवला. "तू थंय होतंस. मी नव्हतंय. तुझा तोंड बघलंय की माका ताच दिसता. तू तिका पाणी दिलंस, तू तिच्या उशाक बसलंस. माझी आवस ती. आणि मी सिअॅटलात बसान मीटिंगा करतंय." तो थांबला. "तू काय वायट केलंस असा नाय रे. तू थंय होतंस, एवढाच."

यावर अच्युत काही म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. त्याने हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले.

"एक गजाल मी तुका सांगूक नाय," तो म्हणाला. "म्हणान तर फोन करूक धीर होयना."

रघूने त्याच्याकडे तोंड वळवलं.

"शेवटच्या दिवशी तिका धड दिसत नव्हता. दुपारी मी खाटेर बसलंय, तर माझो हात धरल्यान. आणि म्हणाली, रघू, इलंस?"

बोट एका लाटेवर हळूच वर गेली आणि खाली आली.

"मग?" रघूने विचारलं.

"मी होय म्हटलंय. म्हटलंय, होय आये, इलंय."

मला वाटलं रघू आता त्याच्या अंगावर जाईल. तो हललाही नाही.

"तुझ्या जाग्यार बसलंय मी," अच्युत म्हणाला. त्याला आता थांबता येत नव्हतं. "तुझा नाव घेतलंय. तो काय माझो हक्क नव्हतो. पण तिका नाय कसा म्हणू रे? तुका इतक्या वरसांत तोंड दाखवूक लाज वाटली ती शपथेची नाय. ह्याची."

"काय बोलली ती?"

"इचारल्यान, जेवलंस काय."

"आणि तू?"

"म्हटलंय, जेवलंय."

"खोटा," रघू म्हणाला. "तू खंय जेवलेलंस."

"नाय जेवलेलंय."

"आणि?"

"इचारल्यान, किती दिस रवतलंस. मी म्हटलंय, आता खंयच जाणंय नाय. मग बरा म्हणाली. आणि डोळे मिटल्यान. हात सोडूक नाय."

रघूने चष्मा काढला. काचांवर समुद्राचं पाणी उडालं होतं. तो शर्टाच्या टोकाने ते पुसत राहिला, पुसून झालं तरी पुसत राहिला. डोळे त्याने तसेच उघडे ठेवले होते आणि त्यातून जे वाहत होतं त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"माझ्या आवाजात बोललंस?" त्याने विचारलं.

"नाय. माझ्याच."

"तिका कळला नाय?"

अच्युतने यावर पुष्कळ विचार केला असावा, कारण उत्तर द्यायला तो थांबला नाही. "माका म्हायत नाय. आये होती ती. कळला पण आसात."

रघू त्याच्याशेजारी, ओल्या फळ्यांवरच बसला. खांद्याला खांदा लागला. दोघांपैकी कोणीही सरकलं नाही. मी तिथून उठलो आणि पुढे जूडीकडे गेलो. तीन माणसांची जागा होती खरी, पण त्या वेळी तिथे दोघांचीच होती.

जूडी केबिनमध्ये उभी राहून काचेतून समोर बघत होती.

"ओहोटी लागेल आता," ती म्हणाली. "पुन्हा टाकायचे का गळ, की परत जायचं?"

"परत जाऊ."

"रिकाम्या हाताने?"

मी मान हलवली. तिने नांगर उचलला, इंजिन चालू केलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, पण येताना जशी भरधाव आणली होती तशी बोट तिने सोडली नाही. हळूहळू नेली.

मी काचेतून मागे पाहिलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून दोघांनी डोकी एकमेकांजवळ आणली होती. रघू काहीतरी विचारत होता, अच्युत सांगत होता. मी केबिनचं दार किलकिलं केलं. आणखी काही राहिलं असेल, तिने आणखी काही म्हटलं असेल, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं.

"परत सांग," रघू म्हणत होता. "हात धरल्यान. मग?"

"मग म्हणाली, रघू, इलंस?"

"आणि तू होय म्हटलंस."

"होय म्हटलंय."

"मग?"

सांगण्यासारखं होतं ते एवढंसंच. घटकाभराचं बोलणंही नव्हतं. पण धक्का दिसेपर्यंत रघू ते पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि अच्युत दर वेळी पहिल्यापासून सांगत राहिला.